मोर्झेचा बुटका मांडव आणि आमचा द्राक्षबागाईतदार

दरसाल माघ-फाल्गुन आला, कीं आमच्या बाजूच्या गांवांत एकच विषय निघतो: यंदा द्राक्षाला भाव काय मिळणार? व्यापारी बागेंत येतो, घड हातांत धरून उन्हाकडे पाहतो, एक मणी तोंडांत टाकतो आणि एक आंकडा सांगतो. तो आंकडा ऐकून घेणें एवढेंच बागाईतदाराच्या हातीं उरतें. छाटणी, विरळणी, फवारणी यांत ज्यानें वर्षभर रात्रीचा दिवस केला त्याला किंमत ठरविण्याचा अधिकार नाहीं, आणि ज्यानें बागेंत अर्धी घटका काढली तो ती ठरवितो. ही स्थिति कशी पालटावी याविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आज मी वाचकांना त्याच प्रश्नासाठीं जरा दूरच्या मुलखांत नेऊं इच्छितों. तेथील शेतकरी आपल्याहून गरीब जमिनीचा, आपल्याहून लहान तुकड्यांचा आणि आपल्याहून कठोर हवेचा धनी आहे. तरीहि आपल्या मालाची किंमत सांगण्याइतकी पत त्यानें मिळविली आहे.

प्रारंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. हा विषय वाईनचा, म्हणजे द्राक्षासवाचा आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्यांच्या घरीं हा पदार्थ वर्ज्य आहे त्यांनीं तो खुशाल वर्ज्य ठेवावा; माझ्या घरींहि तो नित्याचा नाहीं. परंतु आपल्या जिल्ह्यांत वाईनसाठीं द्राक्षें लावलीं जातात, त्यांवर कित्येक कुटुंबांचें पोट आहे, आणि त्यांत कित्येकांचे हात पोळलेहि आहेत. तेव्हां हा प्रश्न पिणाराचा नसून पिकविणाराचा आहे, याच दृष्टीनें तो पाहावा अशी विनंति आहे.

मुलूख व हवा

इटलीच्या वायव्य कोपऱ्यांत, फ्रान्स व स्वित्झर्लंड या दोन देशांच्या सीमांना टेकून, आओस्ता खोरें नांवाचा लहानसा प्रांत आहे. इटलीच्या प्रांतांत क्षेत्रानें व लोकसंख्येनें हा सर्वांत लहान. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. १९४८ सालापासून त्यास स्वायत्त प्रांताचा दर्जा असून इटालियन व फ्रेंच या दोन्ही तेथील राजभाषा आहेत. दोरा बाल्तेआ ही नदी या खोऱ्यांतून वाहते. तिच्या वरच्या अंगास, मों ब्लां या ४,८०० मीटरांहून उंच हिमशिखराच्या छायेंत, मोर्झे व ला साल हीं दोन गांवें आहेत. त्यांच्या उतारांवर, समुद्रसपाटीपासून ९०० ते १,२०० मीटर उंचीवर, पांढऱ्या द्राक्षाचे मळे आहेत. युरोपांतील अत्यंत उंच मळ्यांत त्यांची गणना होते.

आपल्या पांचगणीची उंची याहून थोडी अधिकच भरेल. पण पांचगणी उष्ण कटिबंधांत आहे आणि हे मळे ४५ अक्षांशाच्याहि उत्तरेस. तेव्हां आंकडा जवळचा वाटला तरी थंडी जवळची नाहीं. आपण एप्रिलमध्यें खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्यें फळ छाटणी अशा वर्षांतून दोन छाटण्या करतों, कारण आपली वेल कधीं झोपतच नाहीं. तेथें वेल हिवाळाभर बर्फांत निजते, एकदांच जागी होते आणि एकदांच छाटली जाते. वैशाखांत आपण उन्हानें हैराण झालेले असतों, त्या सुमारास तेथील शेतकरी रात्रीच्या हिवानें कोंवळे डोळे करपतील कीं काय या धास्तींत असतो. उंच पर्वतांच्या आडोशामुळें खोऱ्याच्या मध्यभागीं पाऊसहि बेताचाच. म्हणून तेथील लोकांनीं मध्ययुगापासून बर्फाचें पाणी डोंगराच्या कडेकडेनें पाट काढून शेतीला आणलें. त्या पाटांना तेथें 'रू' म्हणतात. पांझरा-मोसमच्या कांठीं फड पद्धतीनें पाणी वांटून घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांस त्यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

प्रिये ब्लां

अशा हवेंत द्राक्ष पिकावें हेंच आश्चर्य. आणि तें पिकतें याचें सारें श्रेय एका जातीस आहे. तिचें नांव प्रिये ब्लां. सतराव्या शतकाच्या अखेरच्या कागदपत्रांत या जातीचें नांव सांपडतें. अलीकडे आनुवंशिक तपासणी झाली तींत असें दिसून आलें कीं, त्या खोऱ्यांतील दुसऱ्याहि कांहीं जुन्या जाती हिच्याच पोटच्या आहेत. तात्पर्य, ही कोठून तरी काल आणून लावलेली जात नव्हे. त्या मातींतलीच कुळांतली आजी म्हणावी अशी ती आहे.

तिचा मुख्य गुण असा कीं, डोळा फुटल्यापासून फळ पिकेपर्यंतचा तिचा काळ थोडा आहे. जेथें उन्हाळा येतो आणि पाहतां पाहतां जातो, तेथें हा एकच गुण लाखमोलाचा आहे. दुसऱ्या नामांकित जाती तेथें लावल्या असत्या, तर घड हिरवे असतांनाच थंडीनें गांठलें असतें. प्रिये ब्लां तेवढ्या अवधींत आपलें काम उरकून घेते. साखर बेताची, आंबटपणा भरपूर आणि वास नाजूक. साखर बेताची म्हणजे पुढें वाईनमध्यें मद्यार्कहि बेताचाच. दुसरा कोणी यास वैगुण्य म्हणेल; त्या शेतकऱ्यांनीं यासच आपलें वैशिष्ट्य केलें.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून फायलोक्झेरा नांवाचा मुळें खाणारा बारीक किडा युरोपांत आला आणि त्यानें फ्रान्सपासून पुढें देशोदेशींचे मळे उजाड केले. त्यावर उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर युरोपीय जातीचें कलम करण्याचा. आज युरोपांतील बहुतेक सर्व द्राक्षवेली अशा परक्या पायांवर उभ्या आहेत. पण मोर्झेच्या थंड उंचीवर या किड्याचें कांहीं चाललें नाहीं. तेथील प्रिये ब्लां आजहि कलमावांचून, स्वतःच्या मुळांवर उभी आहे. आपल्याकडेहि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करण्याची चाल पडली; मात्र तिचें कारण हा किडा नव्हे, तर खारें पाणी, चोपण जमीन आणि पाण्याची टंचाई हें आहे. खुंट वापरणें चूक असें मी म्हणत नाहीं. गरजेनें केलेली गोष्ट योग्यच आहे. परंतु जी वेल त्या त्या मातीशीं पिढ्यानपिढ्या जमवून घेते तिचें मोल निराळें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या नाशकाकडे भोकरी, फकडी या जुन्या जाती होत्या. आज त्यांचे नांव तरी किती तरुण बागाईतदारांस ठाऊक आहे?

बुटका मांडव

आपल्याकडील मांडवाखालून माणूस ताठ चालत जातो. मोर्झेचा मांडव जेमतेम कंबरेइतका, कोठें कोठें त्याहूनहि ठेंगणा. दगडी पायऱ्यांच्या लहान लहान वाफ्यांवर खांब रोवून ही बुटकी छावणी उभारलेली असते. ती बुटकी कां? दिवसा तापलेल्या जमिनीची व दगडी बांधांची ऊब रात्रीं वर येते, ती घडाला मिळावी म्हणून. आणि डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याचा व बर्फाचा तडाखा वेलीला कमी बसावा म्हणून. वेलीला जें सोयीचें तें माणसाला गैरसोयीचें. छाटणी, बांधणी, तोडणी ही सर्व कामें वांकून, गुडघे टेकून, प्रसंगीं जवळजवळ आडवें होऊन करावीं लागतात. ट्रॅक्टरचें नांव नको.

अशा कष्टाच्या डोंगरी द्राक्षशेतीचा अभ्यास करणारी 'चेर्विम' नांवाची संस्था आओस्ता खोऱ्यांतच १९८७ साली स्थापन झाली. उतार शेंकडा ३० हून अधिक, किंवा उंची ५०० मीटरांहून अधिक, किंवा पायऱ्यापायऱ्यांची जमीन, अथवा लहान बेटांवरील मळा, यांपैकीं कांहीं असेल तर ती संस्था त्यास डोंगरी शेती मानते. मात्र उंच पण सपाट पठारें ती त्यांतून वगळते. तेव्हां आपली नाशिकची बाग उंचीच्या आंकड्यांत बसली, तरी या व्याख्येंत बसत नाहीं. आपण पठारावरचे सुखी लोक आहोंत. हें अशासाठीं सांगितलें कीं, 'त्यांचें सोपें, आमचें अवघड' असें म्हणण्याची आपल्याला सोय राहूं नये.

पडता काळ व सावरणें

या खोऱ्यांतील द्राक्षशेतीवर संकटें कमी आलीं नाहींत. १८८६ साली आगगाडी आओस्ता शहरापर्यंत पोंचली आणि तिच्याबरोबर सपाटीवरची स्वस्त वाईन आली. खोऱ्याच्या खालच्या भागांत किडा व रोग आले. तरुण मंडळी कारखान्यांत गेली, परदेशीं गेली. १९६५ साली मों ब्लांच्या पोटांतून बोगदा खुला झाल्यावर प्रवाशांची वर्दळ वाढली आणि हॉटेलांतील नोकरी मळ्यापेक्षां किफायतशीर ठरली. सबंध प्रांतांत मिळून आज द्राक्षाखालीं पांचशें हेक्टरहि जमीन नाहीं. पूर्वीं ती याच्या कित्येक पट होती. मोर्झे-ला सालचे मळे तर सारे एकत्र केले तरी आपल्याकडील एका मध्यम गांवच्या शिवारांत कोपऱ्याला बसतील.

अशा वेळीं तेथील एका धर्मोपदेशकानें हा धंदा उचलून धरला. मोर्झेचे पाद्री अलेक्सांद्र बूजा यांनीं गांवची पांढरी वाईन नीट स्वच्छ रीतीनें करून, बाटलींत भरून, गांवच्या नांवानें विकण्याचा प्रघात पाडला. तोंवर ही वाईन घरोघरीं होई आणि घरोघरीं संपे. बाहेर तिला नांव नव्हतें, आणि ज्याला नांव नाहीं त्याला भाव नाहीं. पुढें १९८३ साली मळेवाल्यांनीं आपली सहकारी संस्था काढली. सभासद द्राक्षें आणतो, संस्था वाईन करते, संस्थाच ती विकते. ज्याच्याजवळ चार-दोन गुंठ्यांचे विखुरलेले तुकडे आहेत तोहि तिचा सभासद होऊं शकतो. एकट्याला एवढ्या मालासाठीं तळघर बांधणें, यंत्रें घेणें, जाणता मनुष्य नेमणें कालत्रयीं शक्य नव्हतें. १९८५ साली आओस्ता खोऱ्याच्या वाईनांना सरकारमान्य प्रादेशिक नामाचें संरक्षण मिळालें, आणि त्यांत 'ब्लां द मोर्झे ए द ला साल' हें नांव स्वतंत्रपणें नोंदलें गेलें. आतां त्या दोन गांवांच्या शिवाराबाहेरचें द्राक्ष घालून कोणालाहि हें नांव वापरतां येत नाहीं.

संस्थेबाहेर राहून स्वतःची वाईन करणारीं कांहीं कुटुंबेंहि तेथें आहेत आणि त्यांची वाईन नांवाजलेली आहे. हें चांगलेंच आहे. संस्था आहे म्हणून कुटुंबांना बाजारांत गांवचें नांव तयार मिळतें, आणि कुटुंबें आहेत म्हणून संस्थेला आळसावून चालत नाहीं.

चव आणि ताट

आतां ही वाईन कशी असते तें सांगतों. कारण तिचें यश निम्में मळ्यांत आहे तर निम्में ताटांत आहे. रंग फिकट गवती, किंचित हिरवट झांक असलेला. वास पांढऱ्या फुलांचा, डोंगरी वनस्पतींचा, कापून वाळत घातलेल्या गवताचा. जिभेवर ती हलकी आणि स्वच्छ आंबट लागते. ती मुरवून ठेवण्यापेक्षां ताजी असतांनाच, एखाद-दोन वर्षांत, गार करून घेण्याची रीत आहे. भरपूर आंबटपणामुळें तिची फेसाळ वाईनहि उत्तम होते. शिवाय कांहीं घड मुद्दाम वेलीवर राखून, हिवाळ्यांत गोठल्यावर तोडून, त्यांच्या दाट रसाची गोड वाईनहि तेथें करतात. एकाच जातीपासून तीन तऱ्हेचा माल, आणि तिन्हींना निराळा भाव!

त्या प्रांतांतील खाणें थंडीचें, म्हणून स्निग्ध. वालदोस्ताना जातीच्या गाई उन्हाळ्यांत उंच कुरणांवर चरतात. त्यांच्या न तापविलेल्या, सायीसकट दुधाचें फोंतीना नांवाचें चीज करून तें निदान ८० दिवस मुरवितात. या चिजाच्या फोडी दुधांत भिजवून, लोणी व अंड्याचा बलक घालून मंद आंचेवर पातळ करतात. तिला फोंदूता म्हणतात, आणि पावाच्या तुकड्याशीं ती खातात. राईच्या पिठाचा काळसर पाव, मक्याच्या पिठाचा पोलेंता नांवाचा घट्ट सांजा, ओढ्यांतील ट्राउट मासा, आर्नाद गांवचें वनस्पतींत मुरविलेलें डुकराच्या चरबीचें खारवण, हे तेथील इतर पदार्थ.

या ताटाशीं ही वाईन कां जमते याचें कारण आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतों. तुपकट जेवणावर ताक घेतों. कोंकणांत जेवणाच्या अखेरीस सोलकढी येते. स्निग्ध पदार्थानें जिभेवर जो थर बसतो तो आंबटानें धुवून निघतो आणि पुढचा घांस पुन्हां पहिल्यासारखा लागतो. फोंदूतेशीं ही वाईन हेंच काम करते. मिठाचा व आंबटाचा मेळ प्रसिद्धच आहे. म्हणून खारवलेल्या पदार्थांबरोबरहि ती शोभते. नाजूक ट्राउटच्या चवीवर ती कुरघोडी करीत नाहीं, कारण तिचा वासच मुळीं नाजूक आहे. उलट त्याच प्रांतांत लाल वाईनमध्यें शिजविलेलें गोमांस असतें, त्याच्यापुढें ती फिकी पडते. तेथें लोक लालच घेतात. आपल्या जेवणाचें म्हणाल, तर साध्या मीठ-हळदीच्या तळलेल्या मासळीशीं अशी हलकी आंबट वाईन जमून जाईल. पण कोल्हापुरी रश्श्याच्या तिखटापुढें तिचा नाजूकपणा हरवेल, यांत संशय नाहीं.

हें सारें खाद्यपुराण मीं चवीसाठीं लिहिलें नाहीं. यांतील व्यवहार पाहावा. फोंतीना चीज, आर्नादचें खारवण व या वाईना यांस कायद्यानें नांवाचें संरक्षण आहे. आणि ते एकमेकांची विक्री करतात. प्रवासी चीज खावयास येतो आणि वाईन घेऊन जातो. वाईन प्यावयास येतो आणि चीज बांधून नेतो. गवळी व मळेवाला हे एकाच ताटाचे भागीदार झाले आहेत. आपल्याकडे नाशिकची वाईन विकणारा पाहुण्यापुढें बहुधा परदेशी चीज ठेवतो, आणि नाशिकचा दूधवाला कमी दराबद्दल रस्त्यावर दूध ओततो. दोघे एकाच तालुक्याचे!

आपला अनुभव

आपल्या सरकारनें २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, करांत सवलती दिल्या. विंचूर व पलूस येथें वाईन उद्यानें काढलीं. त्या उत्साहांत अनेकांनीं खाण्याच्या द्राक्षांऐवजीं वाईनच्या जाती लावल्या. पांढऱ्यांत शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां या मुख्य. मींहि दोन एकर लावल्या. करार झाला होता, भाव ठरला होता, कागदावर सह्या होत्या. पहिलीं दोन-तीन वर्षें ठीक गेलीं. मग २००८ ची मंदी आली, विक्री थंडावली, आणि पुढच्या हंगामांत ज्यांच्याशीं करार होता त्यांच्या दारांत आमच्या गाड्या दोन दिवस उभ्या राहिल्या. टांक्या भरलेल्या आहेत, माल घेतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. हीं द्राक्षें खाण्याच्या बाजारांत चालत नाहींत. मणी बारीक, बिया मोठ्या. शेवटीं मिळेल त्या भावानें तीं दिलीं, आणि त्या उन्हाळ्यांत वेली उपटल्या. मी एकटाच नव्हतों. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक भागांतील कित्येकांनीं तेंच केलें.

पुष्कळ वर्षें मी यासाठीं त्या खरेदीदारास दोष देत होतों. आतां मला वाटतें कीं, मोठा दोष माझा होता. मीं जात निवडली नव्हती. ती मला सांगितली गेली. वाईन कशी होते, कोठें विकते, कोणत्या ताटाशीं जाते, यांतलें मला कांहींच ठाऊक नव्हतें. जाणून घेण्याची इच्छाहि नव्हती. मी फक्त टनावारीनें माल घालणारा होतों. ज्याच्याजवळ फक्त टन आहेत त्याला टांकी भरली कीं कोणी विचारीत नाहीं. मोर्झेच्या शेतकऱ्याच्या टांक्या कधीं भरल्याच नसतील असें नाहीं. पण त्या टांक्या त्याच्या आहेत. तोटा आला तर तो सर्वांनीं वांटून सोसावयाचा, आणि नफा आला तर तोहि वांटून घ्यावयाचा. वेल उपटावी कीं ठेवावी हा निर्णय दुसऱ्याच्या दारांत उभें राहून घ्यावा लागत नाहीं.

आक्षेप

याला विरोधी बाजूहि आहे, आणि ती प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, मोर्झेला प्रांतिक सरकारची मोठी मदत आहे, शेजारीं कूरमायेरसारखें श्रीमंत प्रवाशांचें गांव आहे. आपल्याकडे हें कोठें? आक्षेप खरा आहे. सरकारी आधारावांचून व प्रवाशांवांचून तो मांडव आज उभा राहिला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. पण नाशिक-त्र्यंबकेश्वरास येणाऱ्या माणसांची संख्या कांहीं थोडी नाहीं, आणि मुंबई-पुण्यासारखीं शहरें चार-पांच तासांवर आहेत. ग्राहक आहे, आपला त्याच्याशीं परिचय नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे: आपल्याकडे सहकार म्हणजे निवडणूक. संस्था निघते, इमारत होते, मग दोन गट पडतात आणि शेवटीं कुलूप लागतें. याला माझ्याजवळ खोडून काढणारें उत्तर नाहीं. एवढेंच सांगतों कीं, याच महाराष्ट्रांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. आणि द्राक्षाच्याच धंद्यांत १९९१ साली सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन 'महाग्रेप्स' काढून परदेशाची वाट उघडली. सहकार आपल्या मातींत रुजत नाहीं असें नव्हे. तो खुरपावा लागतो, आणि खुरपणीचा आपल्याला कंटाळा आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, जुन्या जातींचें कौतुक करून पोट भरत नाहीं. मान्य. पण नवी जात म्हणजे परदेशांतून आणलेलीच, असें कोणी ठरविलें? बोरगांवच्या वसंतराव आर्वे यांनीं 'तास-ए-गणेश' आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं 'सोनाका' या निवडी आपल्याच बागांत, आपल्याच डोळ्यांनीं शोधून काढल्या. हे दोघेहि शेतकरीच. वेल पारखण्याची ती दृष्टि आपल्यांत आहे. खाण्याच्या द्राक्षासाठीं ती वापरली. रसासाठीं, बेदाण्यासाठीं, वाईनसाठीं कां वापरूं नये?

सूचना

सबब माझ्या मतें आपल्या बागाईतदार मंडळानें पुढील गोष्टींचा विचार करावा.

१. प्रिये ब्लां आपल्याकडे लावण्याचा मोह कोणीहि धरूं नये. थंडींत निजणारी ती वेल आपल्या उन्हांत रमणार नाहीं. नक्कल जातीची करावयाची नसून विचाराची करावयाची आहे.

२. भोकरी, फकडी व इतर जुन्या जातींच्या वेली कोणाच्या परसांत अजून जिवंत असतील, तर त्यांच्या काड्या मिळवून एक लहानसा संग्रह करावा. त्यांतून उपयोगी किती निघतील तो प्रश्न पुढचा. आधीं त्या मरूं देऊं नयेत.

३. दहा-पंधरा बागाईतदारांनीं मिळून लहान प्रमाणावर प्रक्रिया सुरू करावी. ती वाईनचीच असली पाहिजे असें नाहीं. बेदाणा, रस, सिरका, मनुका यांतून जें जमेल तें. मालाला गांवचें नांव असावें आणि त्या नांवाखालीं बाहेरचा माल घालणारास संस्थेंत जागा नसावी.

४. वाईनसाठीं द्राक्ष लावणारानें करारावर सही करण्यापूर्वीं, टांकी भरली तर काय, याचें उत्तर लेखी घ्यावें. तें मिळत नसेल तर वेल लावूं नये.

५. आपल्या मालाबरोबर आपल्याच तालुक्यांतील दुसरा कोणता माल विकला जाईल, याचा विचार गवळी, मच्छीमार, खाणावळवाले यांच्याबरोबर बसून करावा.

यांतील पांचवी सूचना पुष्कळांस हास्यास्पद वाटेल, हें मला ठाऊक आहे. द्राक्षबागाईतदारानें गवळ्याशीं बोलावयाचें तें काय? पण मोर्झेच्या बुटक्या मांडवाखालीं गुडघे टेकून काम करणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट उमजली आहे, ती आपल्या उंच मांडवाखालीं ताठ चालणाऱ्यांस अजून उमजावयाची आहे: आपण द्राक्ष विकतों असें आपल्याला वाटतें, घेणारा मात्र घांस घेत असतो. त्या घांसाची ओळख ज्याला आहे तो भाव सांगतो; ज्याला नाहीं तो भाव ऐकतो.

माघ पुन्हां येणारच आहे. व्यापारी बागेंत येईल, घड उन्हाकडे धरील. त्या वेळीं सांगण्यासारखें कांहीं आपल्याजवळ असावें, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.